सेकंडहँड पिकअप घेतलीस? मग आधी आरसीवरचं वजन वाच

पेडण्याच्या एका मुलाचा प्रश्न आलाय, मोठा आहे म्हणून थोडक्यात सांगतो. फॅक्टरीतली नोकरी सोडून त्याने सेकंडहँड पिकअप घेतलीय, म्हापसा बाजारात भाडं मारायचंय, आठवड्यातून दोनदा बेळगावहून भाजी, मध्येच कोणी सांगितलं तर चिरे (बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे), वाळू, घरसामान, जे मिळेल ते. लायसन्स साधं कारचं आहे. विचारतोय की काका, कमर्शियल लायसन्स वेगळं काढावं लागेल का, परमिट लागतं का, ई-वे बिल काय भानगड आहे, पकडलं तर किती दंड, आणि शेवटी असंही की चवथीला गणपती आणताना घरची मुलं मागे हौद्यात बसली तर चालेल ना.

बाबा, मी २४ वर्षं या धंद्यात आहे, सुरुवात डिचोलीत दुसऱ्याच्या टेंपोवर क्लीनर म्हणून, आता स्वतःच्या तीन गाड्या आहेत, दोन ड्रायव्हर आहेत आणि आसपासच्या पोरांचे कागदपण मीच बघतो, म्हणून सविस्तर लिहितो. पण तुझ्या प्रश्नात सगळीकडे एकच भीती दिसते, दंड किती. दंडाला घाबरू नकोस असं नाही म्हणत, पण दंड भरून माणूस दुसऱ्या दिवशी भाडं मारायला जातो. धंदा बुडतो तो इन्शुरन्सवाल्याने हात वर केले की. मी खाली जे जे लिहिलंय ते सगळं त्याच नजरेने वाच, म्हणजे उद्या अपघात भरपाईच्या ट्रायब्युनलमध्ये कंपनीचा वकील उभा राहिला तर त्याच्या हातात माझ्याविरुद्ध काय असेल.

तर पहिलं काम, आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद उघड. तिच्यावर दोन आकडे असतात, अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन आणि जीव्हीडब्ल्यू म्हणजे माल, माणसं सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. तुझे निम्मे प्रश्न या दुसऱ्या आकड्यावर सुटतात. विकणारा सांगतो दीड टनाची गाडी आहे, शोरूमवाला सांगतो अडीच टन सहज खेचते, ते सगळं विसर, गाडी किती खेचते हे इंजिनाचं झालं, कायद्याला आरसीवर जे छापलंय तेच माहीत असतं.

लायसन्सचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ७,५०० किलोपर्यंतची गाडी म्हणजे लाइट मोटर व्हेईकल, एलएमव्ही. पूर्वी यावर फार घोळ होता, अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी म्हणायची याच्याकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स नव्हतं, आम्ही पैसे देणार नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवाला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळा शेरा नको, आणि मग तो निकाल मोठ्या बेंचकडे गेला तर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेपण तेच कायम केलं. त्यामुळे तुझी पिकअप तुझ्या कारच्या लायसन्सवर चालते, एजंटला पैसे देऊन काही काढायची गरज नाही. आठवी पासची अटपण २०१९ मध्ये गेली, अजून काही एजंट दाखला मागतात तो भाग वेगळा. मात्र गॅस, ॲसिड, पेट्रोलियम असला धोकादायक माल न्यायचा असेल तर त्याचं ट्रेनिंग वेगळं आणि लायसन्सवर नोंद वेगळी, तिथे हा निकाल उपयोगाचा नाही. कोणी म्हणालं अरे चार-पाच ड्रम थिनरचे आहेत, टाक मागे, तर विचार करून टाक.

परमिट. इथेपण तोच आकडा. जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोच्या वर नसेल तर मालवाहू गाडीला परमिट लागतच नाही, कायद्याच्या कलम ६६ मध्येच सूट आहे. छोटा हत्ती, सुपर कॅरी वगैरे छोटे टेंपो सगळे यात बसतात. पण पिकअपच्या बाबतीत जरा थांब, कारण एकाच नावाच्या पिकअपची काही मॉडेल ३,००० च्या आत आहेत आणि काही वर, बाहेरून बघून कळत नाही, बंपर तोच आणि हौदा फक्त थोडा लांब. माझ्या ओळखीत एकाने मित्राची गाडी परमिटशिवाय चालते म्हणून स्वतःचीपण तशीच चालवली, दोन वर्षं काही झालं नाही, मग एका तपासणीत कळलं याची ३,००० च्या वरची आहे. विदाउट परमिटला कायद्यात १० हजार दंड आणि वर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ३,००० च्या वर असेल आणि तू बेळगाव करणार असशील तर मग नॅशनल परमिटच घे, वर्षाची कंपोझिट फी १६,५०० आहे, गाडी १२ वर्षांच्या आतली पाहिजे.

आता तू सेकंडहँड घेतलीस म्हणालास आणि नावावर झाली की नाही हे लिहिलंच नाहीस, म्हणजे झाली नसणार! फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन कपाटात ठेवलेत आणि निवांत आहेस असं समजतो. ते आधी कर. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, लोन फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बँकेचं नाव काढायचं, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज टाकायचा. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो पण गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर आरसी तुझ्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर या कारणाने क्लेम उडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि उलट बाजूने, जुन्या मालकालापण सांग, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकून किती वर्षं झाली याला अर्थ नाही, भरपाई त्याच्याकडूनच वसूल होणार. हे ऐकवलंस की तो स्वतः तुला आरटीओत घेऊन जाईल. जुने ई-चलान किती पडलेत तेपण परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघून घे, नाहीतर त्याने हायवेवर केलेले पराक्रम तुझ्या माथी.

पाटी पिवळी, अक्षरं काळी. इलेक्ट्रिक असती तर हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. काहीजण पांढऱ्या पाटीची व्हॅन घेऊन मागची सीट काढून त्यात बेकरीचा माल, फुलं, केटरिंग असलं भाड्याने मारतात, स्वस्त पडतं म्हणून. पोलिसांचं राहू दे, पण खाजगी पॉलिसीवर भाडं मारताना अपघात झाला तर कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो मागच्या क्रेटचाच काढतो.

आता ओव्हरलोड. यावर जरा जास्त लिहितो कारण गोव्यात छोट्या गाड्यांची सगळी गफलत इथे होते, आणि ती होते चिऱ्यांमुळे. समज तुझ्या आरसीवर जीव्हीडब्ल्यू २,९०० आणि रिकामं वजन १,६०० आहे. उरले १,३००. त्यात तू आणि क्लीनर, ताडपत्री, दोरखंड, तुझा डबा-पाणी मिळून दीडशे किलो धर. उरले ११५०. एक चिरा सुका असताना ३५ किलो धरला तर ३२ चिरे झाले की तुझी गाडी भरली. हौद्यात बघशील तर खाली नुसता एक थर दिसेल, गिऱ्हाईक हसेल, म्हणेल पात्रांव, गाडी रिकामीच की, अजून टाक. त्याला कुंपणाच्या भिंतीला ६० चिरे एका फेरीत हवेत. ६० म्हणजे २,१०० किलो, म्हणजे साडेनऊशे किलो जास्त. आणि हे सुक्याचं झालं, जून-जुलैत खाणीवर भिजलेला चिरा उचलून बघ, हाताला कळतं.

कायद्यात ओव्हरलोडला सरळ २० हजार आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार अजून, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवून घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही असं कलम १९४ मध्ये लिहिलंय. भाडं मिळणार हजार-दीड हजार. वजनकाट्यावर चल म्हटल्यावर गाडी थांबवली नाहीस किंवा काट्यावर घालायला नाही म्हणालास तर ४० हजार. म्हणजे पळून जाण्याचा दंड ओव्हरलोडच्या दुप्पट, हे पोरांना माहीतच नसतं.

मी काय करतो ते सांगतो. नवीन गाडी घेतली की पहिल्याच दिवशी टाकी भरून, ताडपत्री-जॅक-स्टेपनीसकट रिकामी वजनकाट्यावर घालतो आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतो, कारण हौद्यावर हूड किंवा जाळी बसवलेली असली तर आरसीवरचं रिकामं वजन आणि खरं वजन यात शे-दीडशे किलोचा फरक निघतो आणि तो फरक तुझ्या मालातून जातो. मग काही नेहमीच्या मालाचं गणित एका कागदावर मांडून कॅबिनमध्ये सनव्हायझरला लावतो. चिरे इतके, सिमेंट इतक्या गोणी (गोणी ५० किलोची, गणित सोपं), टाईल्सचे बॉक्स इतके. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, वाद घालायचा नाही, कागद दाखवायचा. आणि हो, मागे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले म्हणजे वजनाची परवानगी वाढली असं काही होत नाही, गाडी बसत नाही एवढंच, आरसीवर आकडा तोच राहतो. सीएनजी घेशील तर तेच मॉडेल पेट्रोलपेक्षा कमी माल नेतं कारण सिलिंडरचं वजन आत धरलेलं असतं, हेपण विकताना कोणी सांगत नाही.

आणखी एक, सळ्या आणि पाईप. मागे फाळका उघडा टाकून सळ्या बाहेर आणि टोकाला लाल फडका, ही पद्धत आपल्याकडे अजून चालू आहे. लाल फडका बांधला की चालतं हा जुना समज आहे, आता माल हौद्याच्या बाहेर, पुढे मागे बाजूला कुठेही आला तर तो गुन्हाच, आणि त्यालापण २० हजारच आहे. हायवेवर रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो फडका दिसतच नाही. सळ्या न्यायच्या तर वाकवून घे किंवा मोठी गाडी सांग, भाडं गेलं तर जाऊ दे.

फिटनेस, आपण ज्याला पासिंग म्हणतो. नवीन मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आठच्या पुढे दरवर्षी. तुझी गाडी कितीची ते लिहिलं नाहीस, पण सेकंडहँड म्हणजे आठच्या आसपास असणार, मग दरवर्षीची तयारी ठेव. पासिंग संपलं की कायद्याच्या दृष्टीने ती गाडी नोंदणी नसल्यासारखीच, आणि उशिरा गेलास तर दिवसाला ५० रुपये चढत जातात. माझी एक गाडी एकदा गिअरबॉक्सच्या कामाला तीन महिने गॅरेजला पडली, पासिंगची तारीख मध्येच गेली, आणि मी आपला समजत होतो की गाडी रस्त्यावरच नाही तर कसली लेट फी! भरली गपचूप. पासिंगला जाताना रिफ्लेक्टर टेप, मागचे लाईट, हॉर्न, वायपर, पाठीमागचे मडफ्लॅप एवढं आदल्या दिवशी स्वतः बघ, नव्वद टक्के गाड्या इंजिनावर नाही या असल्या बारीक गोष्टींवर परत पाठवतात. स्पीड गव्हर्नरची वायर कोणी काढली असेल तर तीपण बघ, नवीन छोट्या मालगाड्या ८० च्या वर जाऊ नयेत असं कंपनीतूनच येतं आणि सेकंडहँडवाले ते काढून ठेवतात.

पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला, बीएस फोर आणि सिक्स इंजिनाच्या गाडीला वर्षाची असते, कायद्यात दंड १० हजारांपर्यंत आहे, तपासणीचे पैसे बघितले तर विसरण्यासारखं काहीच नाही त्यात. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ॲपमध्येच दाखवले तर चालतात, पण व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो म्हणजे डिजिटल कागद नव्हे. चोर्ला घाटात रेंज नसते, त्यामुळे मी एक झेरॉक्स सेट पण ठेवतो, निदान बोलता येतं.

इन्शुरन्सवर येतो, माझ्या मते हेच खरं. मालवाहू गाडीची पॅकेज पॉलिसी घेताना एजंट सगळ्यात स्वस्त कोटेशन देतो आणि आपण सही करतो. त्यात बघायचं की पगारी ड्रायव्हर आणि क्लीनरची जबाबदारी धरलीय का, त्याचा प्रीमियम अगदी थोडा असतो पण काढलेला असतो बऱ्याचदा. आयएमटी २३ नावाचं जादा कव्हर आहे का बघ, नसेल तर लाईट, टायर, मडगार्ड, बोनेटचे साईड पार्ट असल्या गोष्टी नुसत्या गेल्या तर मिळत नाही काही. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखाचा पर्सनल ॲक्सिडेंट असतो तो तुझ्या नावाने आहे ना बघ, नावावर गाडी नाही तर तोपण नाही. आणि गाडीच्या पॉलिसीत आतला माल धरलेला नसतो! टीव्ही-फ्रिज नेताना उलटलास तर गाडीचे मिळतील, फ्रिजचे नाही, त्याला वेगळी ट्रान्झिट पॉलिसी लागते, मोठ्या दुकानवाल्यांकडे असते, आधी विचारून घ्यायचं.

आता माझी चूक सांगतो. २००९ ची गोष्ट. साखळीहून होंड्याच्या बाजूने रिकामी फेरी होती, गावातला एकजण म्हणाला मला सोड, कॅबिनमध्ये आधीच दोघे होते म्हणून तो मागे रिकाम्या पिंपांवर बसला. वळणावर ब्रेक मारावा लागला, पिंपं सरकली, तो खाली, मांडीचं हाड गेलं. चांगला माणूस, स्वतःहून केस करणारा नव्हता, पण घरच्यांनी केली आणि बरोबरच केली, घर चालवणारा तोच होता. कंपनीच्या वकिलाने एकच मुद्दा मांडला, मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी आमच्या पॉलिसीत येत नाही. आणि ते खरं होतं, सुप्रीम कोर्टाचा २००२ पासून तसा निकाल आहे, मला माहीत नव्हतं एवढंच. मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस मालासोबत बसला तर तो पॉलिसीत येतो, १९९४ च्या दुरुस्तीपासून, पण वाटेत घेतलेला माणूस नाही. मला सगळे पैसे स्वतः भरावे लागले, एक गाडी विकली, दीड वर्ष पुन्हा दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर होतो. त्या माणसाशी अजून बोलणं आहे, तो काठी घेऊन चालतो.

आणि लायसन्स संपलेला ड्रायव्हर असेल तर कंपनी जखमीला पैसे देते आणि मग तुझ्याकडून वसूल करते, कोर्टाच्या भाषेत पे अँड रिकव्हर, त्यामुळे ड्रायव्हर ठेवशील तेव्हा त्याच्या लायसन्सची तारीख तुझ्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेव, त्याच्या भरवशावर नको.

ई-वे बिल, म्हणजे जीएसटीसाठी माल नेताना काढायचा ऑनलाईन कागद. माल ५० हजारांच्या वर असेल आणि राज्याबाहेर जात-येत असेल तर लागतं, १ एप्रिल २०१८ पासून. ताजी भाजी, फळं, ताजे मासे यांना जीएसटी नाही म्हणून ई-वे बिलपण नाही, तेव्हा तुझ्या बेळगावच्या फेरीला मार्केटची पावती पुरे. पण परत येताना भाजीवर दोन गोणी मसाले, चार बॉक्स प्लास्टिकचे डबे असं कोणी टाकलं तर त्याचं बिल वेगळं माग. ई-वे बिल बहुतेक वेळा व्यापारीच काढतो, पण त्याच्या पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर असतो, तो तुझाच आहे ना हे निघायच्या आधी एक एक अक्षर वाचून बघ, काउंटरवरची पोरं कालच्या गाडीचा नंबर तसाच ठेवतात. २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, आणि तो दिवस दुसऱ्या रात्री १२ ला संपतो. वाटेत दरड आली, गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास यात वाढवून घेता येते, आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नंबर बदलून घ्यायचा. नाही केलं तर टॅक्सच्या दुप्पट पेनल्टी. ती भरायची मालाच्या मालकाने, पण अडकते गाडी तुझी, आणि मालक तिकडे फोन उचलत नाही. अशा वेळी ट्रान्सपोर्टवाला पेनल्टी किंवा १ लाख, यातलं जे कमी असेल ते भरून गाडीपुरती सोडवू शकतो, लक्षात ठेव.

घरसामान शिफ्टिंगला, म्हणजे वापरलेल्या घरगुती सामानाला, ई-वे बिल लागत नाही. तिथे धोका दुसरा आहे आणि तो फक्त आपल्या गोव्यातला आहे. माणूस कोल्हापूर-पुण्याला बदली होऊन जातो, किचनच्या खोक्यात भांड्यांच्या मध्ये पाच-सहा बाटल्या आणि काजू फेणी. तुला सांगत नाही, त्याला वाटतं घरचंच सामान आहे. पत्रादेवी ओलांडलं की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू, विदाउट परमिट दारूसाठी गाडीपण जप्त होते. आमच्या एका पोराची गाडी अशी सीमेपलीकडच्या एका नाक्यावर कित्येक दिवस पडून राहिली, सामानवाला स्वतः कारने पुढे निघून गेला होता. तेव्हापासून मी शिफ्टिंगला एक साधा कागद करतो, सामानात दारू नाही असं लिहून गिऱ्हाईकाची सही. कोर्टात किती टिकेल ते जाऊ दे, पण सही करताना दहापैकी दोघे तरी म्हणतात की थांबा जरा, एक खोका काढतो.

मासे मारणार असशील तर साधा हौदा चालणार नाही हे धरूनच चल. २०१८ मध्ये फॉर्मॅलिनचा जो गोंधळ झाला त्यानंतर बाहेरून मासे आणणाऱ्यांना एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी सक्तीची झाली. खायच्या कुठल्याही वस्तूची वाहतूक नियमित करायची तर फूड सेफ्टीची नोंदणी लागते, छोट्यांना सोपी आहे, ऑनलाईन होते. हौद्यावर डबा बसवायचा झाला तर तो बदल आधी आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवून घे.

शहरात शिरायच्या वेळा, माल उतरवायच्या वेळा, यावर काही लिहीत नाही कारण त्या बदलतात, कलेक्टरचा आदेश निघतो, चवथीला वेगळा, कार्निव्हलला वेगळा, चोर्ल्यात पावसात वेगळा. बोर्ड वाच आणि ज्या दुकानात माल द्यायचा त्यालाच विचार. म्हापशात शुक्रवारी सकाळी उशिरा पोचलास तर नियम असो नसो, गाडी आत जाणारच नाही.

झोपेचं बोलतो. ड्रायव्हरला दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या कायद्यापासून चालत आलंय. स्वतःच मालक स्वतःच ड्रायव्हर असला की हे कोण मोजतो, पण बेळगावला रात्री ११ ला निघून पहाटे माल घेऊन ७ ला म्हापशात आणि मग दिवसभर लोकल भाडं, असं आठवड्यातून दोनदा करायचा तुझा प्लान दिसतोय. घाट उतरून केरीकडे आल्यावर रस्ता सरळ होतो आणि तिथेच डोळा लागतो. बेळगावच्या दिवशी लोकल भाडं घेऊ नको. दारूचं प्रमाण १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, पहिल्या वेळी १० हजार किंवा सहा महिने किंवा दोन्ही, आणि पिऊन चालवलं तर क्लेमचं काय होतं ते आता तुला माहीतच आहे.

अपघात झालाच तर पळू नकोस. जखमीला डॉक्टरकडे न्यायचं, २४ तासांत पोलिसांना कळवायचं, कंपनीला कळवायचं, कलम १३४ आहे. लोक मारतील अशी भीती असेल तर थेट जवळच्या पोलीस स्टेशनला जा, तेपण चालतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला तो हिट अँड रनच्या १० वर्षांच्या शिक्षेवरून, नवीन कायदा, भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ ला लागू झाला तेव्हा ते पोटकलम मागे ठेवलं गेलं, पण निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत आहेच.

राहिली चवथ. गणपती पिकअपमधून आणायला काहीच हरकत नाही, आम्हीपण आणतो. मूर्ती हौद्यात मध्यभागी, खाली गवताचा भारा किंवा जुनी गादी, पाटाला दोन बाजूंनी दोरी, फाळका बंद. मूर्ती धरायला एक मोठा माणूस मागे बसतो, सगळीकडे बसतो, नियमात बसत नाही हे सांगून ठेवतो आणि कोण बसणार ते तू ठरव, पण मुलं नाही. मुलांना कारमधून पाठव, किंवा दोन फेऱ्या मार. आमच्याकडे २००९ नंतर मूर्तीसोबत मागे मीच बसतो आणि गाडी मुलगा चालवतो, वीसच्या वर घेत नाही, मागून कोणी हॉर्न मारला तर मारू दे म्हणतो.